जुनी लेन्स, नवा कॅमेरा

मी छायाचित्रकार नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य गेले. शाळाही पुरी झाली नाही. परंतु आमच्या कचेरीत फिल्मचा एक निकॉन कॅमेरा होता. त्यावर गेटसभांची छायाचित्रे काढता काढता जे समजले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

तो कॅमेरा बिघडला तेव्हा दुकानदार म्हणाला, “लेन्ससकट भंगारात घाला.” कॅमेरा निकामी झाला होता खरा, पण त्याची ५० मिलिमीटरची लेन्स चोख होती. ती मी ठेवून घेतली.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. कंत्राटी सफाई कामगार भगिनी धरण्याला बसल्या असता एका तरुण कार्यकर्त्याने त्यावर छायाचित्र काढले. सर्व काही यंत्राच्या हवाली केलेले. यंत्राने पुढचा फलक स्पष्ट टिपला आणि मागच्या भगिनी धूसर केल्या! त्या दिवशी मी जुनी लेन्स बाहेर काढली.

तिच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले आहेत. हा साधा भागाकार आहे. ५० ला २ ने भागा. प्रकाशाचे छिद्र २५ मिलिमीटर व्यासाचे. ४ ने भागा, साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून प्रकाशही चौथाई. मधला २.८ हा निम्म्या प्रकाशाचा टप्पा. कडे एक घर पुढे सरकविले की शटर दुप्पट वेळ उघडे ठेवावे लागते. मात्र छिद्र लहान झाले की पुढचे-मागचे अधिक अंतर स्पष्ट उमटते. ८ वर कडे ठेवले, आणि फलकामागच्या भगिनींचे चेहरे ओळखू आले.

ही लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी? जुन्या निकॉनमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असे, कारण मध्ये आरसा हलत असे. २०१८ साली आलेल्या बिनआरशाच्या निकॉन झेडमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. उरलेले ३०.५ मिलिमीटर भरून काढणारे पोकळ कडे, म्हणजेच अडॅप्टर, मध्ये बसवावे. साध्या अडॅप्टरमधून कॅमेऱ्याला लेन्सची वर्दी मिळत नाही. म्हणून काही कॅमेऱ्यांत ‘लेन्सविना शटर’ ही परवानगी द्यावी लागते. मग छिद्र पूर्ण उघडावे, पडद्यावरील चित्र मोठे करून हाताने फोकस जुळवावा, आणि नंतरच कडे हव्या त्या आकड्यावर आणावे.

दोन गोष्टी सांभाळा. १९७७ पूर्वीच्या निकॉन लेन्स नंतरच्या काही आरशाच्या कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसवू नका. कॅमेऱ्याचा खटका मोडतो. आणि पावसाळ्यात लेन्स बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. दमट हवेत काचेवर बुरशी धरते.

नवे यंत्र मला वर्ज्य नाही. मी त्याच्यावरच काम करतो. पण काय स्पष्ट दिसावे, हे ठरविणे आपल्या हाती असावे. घरातील जुनी लेन्स भंगारात घालण्यापूर्वी एकदा ते कडे फिरवून पाहा, एवढीच विनंती.