जुन्या संगणकाचा कस वाढवा, पण आधी तपासणी करा



हल्ली बऱ्याच घरांत एक जुना संगणक दिसतो. मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या दुकानातून घेतलेला, बहुधा शहरातल्या एखाद्या कचेरीतून निघालेला. अभ्यास करणे, सातबारा काढणे, इतपत तो ठीक चालतो. पण मुलगा मोठा झाला की त्याला त्यावर गेम खेळावेसे वाटतात, आणि गेम काही चालत नाहीत. मग घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, नवा घ्या. आपण म्हणतो, पिकाचे पैसे हातात येऊ देत. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. आहे त्याच संगणकाचे दोन-तीन भाग बदलून त्याचा कस वाढवता येतो. मात्र खत टाकण्यापूर्वी जसे माती परीक्षण, तशी येथेही आधी तपासणी हवी.

ती न केल्याने काय होते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे. माझ्या पुतण्याने दोन शेळ्या विकून ग्राफिक्स कार्ड आणले. घरी आल्यावर कळले, की त्या कार्डाला विजेची सहा पिनांची वेगळी वायर लागते आणि आमच्या संगणकात ती नाहीच. दुकानदार कार्ड परत घेईना. ते सहा महिने कपाटात पडून राहिले. पैसे अडकलेच, पण बापलेकांत अबोला आला तो निराळाच.

आधी ओळख पटवा

पेटीवरचे नाव व क्रमांक वहीत लिहून घ्यावा. उदाहरण म्हणून डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेऊ. २०१३ साली निघालेले हे यंत्र जुन्या बाजारात पुष्कळ मिळते. त्यात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असतो. त्याची उभी मोठी पेटी असेल तर आतला पॉवर सप्लाय २९० वॉटचा असतो, आणि लहान पेटी असेल तर २५५ वॉटचा. लहान पेटीत फक्त कमी उंचीचे कार्ड बसते. म्हणून पेटी उघडून मोकळी जागा पट्टीने मोजावी, मगच दुकानात जावे.

कमी पडते तेच द्या

पिकाला ज्या अन्नद्रव्याची उणीव सर्वांत जास्त, त्यावर उत्पन्न अडते. पालाश कमी असताना नुसता युरिया ओतून उपयोग नाही. संगणकाचेही तसेच आहे. खालील क्रमाने जावे.

पहिले काम बिनपैशाचे. संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने आतली धूळ काढावी. आपल्याकडे धूळ फार. पंखा धुळीने चोंदला की यंत्र तापते आणि आपोआप मंद होते.

दुसरे काम रॅमचे. ४ जीबी असल्यास ती गेमला पुरत नाही. ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावून १६ जीबी करावी. या यंत्राला डीडीआर-३ जातीचीच रॅम लागते, डीडीआर-४ खाचेत बसतच नाही. ही रॅम पुढच्या नव्या यंत्राला उपयोगी पडणार नाही, म्हणून ती जुनीच, पण चालवून पाहून घ्यावी.

तिसरे काम, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी. याने गेममधले चित्र अधिक वेगाने हलत नाही, पण यंत्र लवकर सुरू होते आणि गेम उघडायला वेळ लागत नाही.

चौथे काम ग्राफिक्स कार्डाचे. गेमच्या दृष्टीने खरा फरक याचाच.

विजेचा हिशेब

विहिरीवरची मोटार घेताना आपण वीजजोडणी किती अश्वशक्तीची आहे ते पाहतो. तोच न्याय येथे लावावा. कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॉट देते. आय-५ ४५९० प्रोसेसरचे ८४ वॉट धरले, तर दोन्ही मिळून १५९ होतात. बाकीचे भाग जमेस धरूनही २९० वॉटमध्ये हे सहज बसते.

एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही ४ जीबीची कार्डे या ७५ वॉटच्या मर्यादेतली आहेत. १०५० टीआयसाठी नव्या गेमांबरोबर येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, म्हणून दोन्हींत १६५० बरे. पण १६५० ची काही कार्डे सहा पिनांची वायर मागतात. कार्डाची कड स्वतः डोळ्यांनी पाहावी. जोडणीची जागा दिसली तर ते कार्ड आपले नव्हे.

कोणी म्हणेल, पॉवर सप्लायच बदला. या यंत्रात मुख्य जोडणी आठ पिनांची आहे, बाजारातली चोवीस पिनांची त्यात थेट बसत नाही. मधला जोड मिळतो, पण खर्च वाढत जातो. पॉवर सप्लाय पाहून कार्ड निवडावे, हेच शहाणपणाचे.

आणखी एक. पडद्याची वायर जुन्या जागी न लावता नव्या कार्डाला लावावी, नाहीतर कार्ड असून नसल्यासारखे. पडदा जुना व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतो, तोही हिशेबात धरावा. भारनियमनाच्या गावात यूपीएस आणि चांगले अर्थिंग असावेच.

कोठे थांबावे

एवढे केल्यावर माइनक्राफ्ट किंवा जीटीए ५ चांगले चालतात. अगदी नवे मोठे गेम मात्र चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगावे. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ साठी चौथ्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि त्यावर याहून जास्त पैसा घालू नये. एसएसडी आणि कार्ड पुढे दुसऱ्या यंत्रात नेता येतात. तेवढी गुंतवणूक वाया जात नाही.

हा सगळा हिशेब मुलाकडूनच वहीत लिहून घ्यावा. कोणता भाग, किती वॉट, दोन-तीन दुकानांतले भाव, परत घेण्याची अट. आमच्या पुतण्याने दुसऱ्या खेपेस तसेच केले. पहिले कार्ड थोडे नुकसान सोसून विकले आणि वायर न लागणारे घेतले. खरेदीपूर्वी त्याच्या वडिलांनी वही वाचली, दोन प्रश्न विचारले आणि पैसे काढून दिले. खेळायची वेळही त्याच वहीत ठरली. त्या दिवसापासून दोघे पुन्हा एका ताटाशेजारी जेवू लागले.