टँकर किती लागतील?

मराठवाड्यातला उन्हाळा पाहिलेल्यांना टँकरचं गणित माहीत असतं. गावाला लागणारं पाणी भागिले टँकरची क्षमता, हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सगळं ठरतं ते भरायची विहीर किती लांब आहे आणि दिवसात खेपा किती होतात यावर. उडत्या विमानांत इंधन भरणाऱ्या अमेरिकी टँकर विमानांचंही तसंच आहे. विहिरीच्या जागी विमानतळ.

करून बघा. (आकडे मी सोयीसाठी धरले आहेत.) आकाशात एका ठरावीक जागी चोवीस तास एक टँकर हवा. तो एका उड्डाणात ८ तास हवेत राहतो: २ तास जायला, ४ तास तिथे, २ तास परतायला. मग ४ तास जमिनीवर, तपासणी आणि भरण्यासाठी. १२ तासांत कामाचे ४, म्हणून ३ विमानं. पण काही विमानं कायम दुरुस्तीत असतात. १०० पैकी ७० उडण्याजोगी धरली, तर ३ भागिले ०.७ म्हणजे ४.३. विमान तुकड्यात मिळत नाही, म्हणून ५.

आता तळ एक तास लांब न्या. जायला ३, यायला ३, कामाला उरले २. त्याच हिशेबाने ९ विमानं! अंतर दीडपट, विमानं जवळजवळ दुप्पट. अजून एक तास लांब गेलात तर टँकर पोचेल आणि तसाच परत फिरेल. मग हजार विमानंही पुरणार नाहीत.

शिवाय टँकर स्वतःही इंधन पितो. केसी-१३५ हे विमान इतरांना जास्तीत जास्त ९० टन देऊ शकतं, पण दीड हजार मैलांच्या पल्ल्यावर ६८ टनच. १९८२ मध्ये ब्रिटिशांनी असेन्शन बेटावरून फॉकलंडवर पहिला हल्ला केला, तेव्हा एका व्हल्कन बाँबफेकी विमानासाठी ११ व्हिक्टर टँकर उडाले. त्यातले बरेचसे एकमेकांनाच पाजत होते.

अमेरिकेत टँकरची किमान संख्या चक्क कायद्यात लिहिलेली असते. आर्थिक वर्ष २०२३ च्या संरक्षण कायद्याने ती ४७९ वरून ४६६ वर आणली. ताफ्यातला मोठा वाटा अजून केसी-१३५ चाच आहे, आणि त्यातलं शेवटचं विमान १९६५ मध्ये तयार झालं. त्यामुळे माझ्या ७० टक्क्यांवर फार विसंबू नका. पण मला खटकतं ते हे, की त्या एका आकड्यात धावपट्ट्या कुठे आहेत याचा पत्ताच नाही. ग्वामपासून तैवान सुमारे २,७०० किलोमीटर, म्हणजे जायलाच तीन तासांहून जास्त. वर ९ आले ते याच अंतराला.