सर्व्हर घरात, कारभार परक्याच्या हाती

चित्रपट, गाणी, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली लग्नाची दृश्ये, मुलांचे फोटो हा घरातला सगळा साठा एका संगणकावर ठेवायचा आणि तो टीव्हीवर किंवा मोबाईलवर हवा तेव्हा पाहायचा, ही सोय करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला मीडिया सर्व्हर म्हणतात. एखादा जुना संगणक किंवा दोन-चार हार्डडिस्क बसतील अशी पेटी असली की काम भागते. ही व्यवस्था करणाऱ्याचे हेतू साधारणपणे दोन असतात. एक म्हणजे दरमहा कुणाला भाडे द्यावे लागू नये. दुसरा म्हणजे आपण घरात बसून काय पाहतो याची नोंद परक्याच्या वहीत होऊ नये. गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या हेतूलाच धक्का बसला आहे आणि तो देणारे हे सॉफ्टवेअर बनवणारेच आहेत.

या क्षेत्रातले मोठे नाव म्हणजे अमेरिकेतील प्लेक्स. एक्सबीएमसी नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवरून २००८ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली. (हेच एक्सबीएमसी २०१४ पासून कोडी या नावाने ओळखले जाते.) प्लेक्सची मांडणी सुबक, वापर सोपा. मात्र एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. डिस्क आपल्या घरात असते, वीजबिल आपण भरतो, पण आत शिरताना ओळख पटवायची ती कंपनीच्या सर्व्हरवर उघडलेल्या खात्यातून. घर आपले आणि दारावरचा रखवालदार दुसऱ्याच्या पगारावर, असा हा प्रकार आहे. रखवालदार प्रामाणिक असेलही, पण कोण केव्हा आले-गेले हे त्याला दिसतेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये या रखवालदाराने तोंड उघडले. कंपनीने मित्रमंडळींनी काय पाहिले ते एकमेकांना कळावे अशी नवी सोय काढली होती आणि तिच्या जोरावर दर आठवड्याला एक ई-मेल जाऊ लागला. तुमच्या मित्राने या आठवड्यात अमुक पाहिले, तमुक पाहिले, असा त्यातला मजकूर. आता प्लेक्सच्या भाषेत मित्र म्हणजे जिवाभावाचा दोस्तच असे नव्हे. ज्याला आपण आपला साठा पाहायला दिला तो मित्र. मग तो सासरचा नातेवाईक असो की कचेरीतला सहकारी. काहींच्या बाबतीत तर चारचौघांत सांगू नये अशा चित्रफितींची नावेही ओळखीपाळखीच्या लोकांपर्यंत गेली. कंपनीने सांगितले की ही सोय सुरू करण्यापूर्वी निवड करण्याचा पडदा दाखवला होता. असेल. पण टीव्ही लावायच्या घाईत समोर आलेल्या पडद्यावर ‘पुढे’ हे बटण दाबणे याला संमती म्हणायचे काय? बाजारात गिऱ्हाइकाने मान डोलावली की सौदा ठरला असे कोणी म्हणत नाही. भाव बोलून व्हावा लागतो.

यात कुणाला लाज वाटण्यासारखे पाहण्याची सवय होती का, हा मुद्दा गौण आहे. माणूस आजाराविषयीचे माहितीपट पाहतो, भाषणे ऐकतो, एखाद्या पंथाविषयी किंवा पक्षाविषयी कुतूहलाने काही पाहतो. त्याची यादी दुसऱ्याच्या हाती गेली की पाहणाराच तपासला जातो. अमेरिकेला हे १९८७ मध्येच कळले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचे नाव पुढे आले असताना ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’ या साप्ताहिकाने त्यांच्या घरी व्हिडिओ लायब्ररीतून गेलेल्या १४६ कॅसेटची यादी मिळवली आणि तिच्यावर लेख छापला. यादीत आक्षेपार्ह काहीही नव्हते. तरीही सर्व पक्षांच्या खासदारांना आपापल्या घरच्या कॅसेट आठवल्या असाव्यात, कारण पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, ग्राहकाच्या कॅसेटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई करणारा कायदा झाला. कॅसेटच्या दुकानदारावर जे बंधन आले, ते पाळण्याचे भान संगणकाच्या दुकानदारांना राहिलेले दिसत नाही. व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने तर १ कोटी १० लाख संचांतून पडद्यावर काय चालले आहे याची क्षणाक्षणाची नोंद गोळा करून ती विकली होती. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटवले.

धंद्याचे गणित

प्लेक्सची नियतच वाईट, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण व्यापार कळणाऱ्याने हिशेब पाहावा. सॉफ्टवेअर बहुतेकांना फुकट दिले. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या अनेकांनी एकदाच भरायची आजीवन वर्गणी घेतली. खर्च मात्र दरमहा चालूच. मग कंपनीने डिसेंबर २०१९ पासून जाहिराती लावून फुकट चित्रपट दाखवायला सुरुवात केली, पुढे थेट वाहिन्या आणल्या. जाहिरातीच्या धंद्यात गिऱ्हाईक काय पाहते हे ठाऊक असणे हेच भांडवल. ज्याला फक्त आपल्या डिस्कवरचा चित्रपट पाहायचा होता, त्याच्या पडद्यावर न मागितलेल्या मालाची दुकाने मांडली गेली ती अशी. तंबूत आधी मान आणि मग सगळे अंग घालणाऱ्या उंटाची गोष्ट आठवावी. एप्रिल २०२५ च्या अखेरीस आजीवन वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली आणि स्वतःच्याच साठ्यातला व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यालाही पैसे लागू झाले. माझ्या मते ही दरवाढ चोरून केलेल्या नोंदींपेक्षा बरी. निदान किंमत उघड सांगितली आहे.

गिऱ्हाइकांनी आवाज उठवला तर काही होते का? होते. ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेक्सने नवे धोरण जाहीर केले आणि पाहण्याची आकडेवारी कंपनीला न देण्याची मुभा काढून घेण्याचे ठरवले. मुभा ठेवली तर लोकांना खोटी सुरक्षितता वाटते, कारण काही माहिती तशीही कंपनीकडे येतेच, असे कारण देण्यात आले. फाइलींची नावे आम्ही घेत नाही, असेही सांगितले गेले. पण जाणकारांनी नेमकी मेख ओळखली. चित्रपट किती मिनिटे-सेकंदांचा आहे हे अचूक कळले की नावाची गरजच उरत नाही. आरडाओरडा इतका झाला की काही दिवसांतच कंपनीचे प्रमुख कीथ व्हॅलरी यांनी माघार जाहीर केली. मुभा कायम राहिली आणि कालावधीचे आकडेही ढोबळ करण्याचे ठरले.

त्याच महिन्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे, आणि तिची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असली पाहिजे. घरच्या वापरासाठी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या माणसाला मात्र हा कायदा लागू नाही.

जुनेच चालू ठेवावे काय?

नवी सोय नको म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावतच करायचे नाही, असा मार्ग काहीजण धरतात. तो धोक्याचा आहे. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ मध्ये तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोर शिरले आणि तेथून कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचले. शिरण्याची वाट होती घरातला मीडिया सर्व्हर. तो प्लेक्सचा असल्याचे पुढे उघड झाले. मोबाईलवरचे फोटो सर्व्हरवर चढवण्याची जी जादा सोय होती, तिच्यात एक भोक होते. कंपनीने ते मे २०२० मध्येच बुजवले होते, पण अभियंत्याने नवी आवृत्ती बसवलीच नव्हती. म्हणजे नको असलेली सोय आणि हवी असलेली दुरुस्ती एकाच पुडक्यात येतात. त्यातले एकच उचलता येत नाही, आणि खरी तक्रार करायची तर याबद्दल करायला हवी. खुद्द प्लेक्सच्या खात्यांतून ई-मेल, नावे आणि गुप्त रूपातले पासवर्ड चोरीला जाण्याचे प्रकार ऑगस्ट २०२२ आणि सप्टेंबर २०२५ असे दोनदा घडले. बाहेर खातेच नसते तर चोरायला काही उरले नसते.

असे खाते न मागणारे सॉफ्टवेअर आहे. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपली मूळ लिपी बंद केली तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही स्वयंसेवकांनी आधीची खुली लिपी घेऊन जेलीफिन उभे केले. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, खाते घरच्या सर्व्हरवरच राहते. उणीव अशी की घराबाहेरून, समजा आखातात नोकरीला असलेल्या मुलाला गावच्या घरातले व्हिडिओ दाखवायचे, तर रस्ता स्वतः बांधावा लागतो, आणि तो नीट न बांधल्यास चोरालाही तोच मोकळा. ज्याला हे जमत नाही त्याने ते घरापुरतेच वापरावे.

प्लेक्सच ठेवायचे असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याचा इतिहास आणि मित्रांची यादी कोणाला दिसते ते स्वतः तपासावे, ‘फक्त मी’ हा पर्याय निवडावा, आकडेवारी पाठवणे बंद करावे आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. पेटी बसवून देणाऱ्या दुकानदाराने सोयीसाठी आपल्याच ई-मेलवर खाते उघडून दिले असेल, तर सर्वांत आधी ते आपल्या नावावर करून घ्यावे.