मोहरी : तडतडलेली आणि फेसलेली

हॉस्टेलमध्ये सगळ्यात लवकर संपणारी वस्तू कोणती? घरून आलेली लोणच्याची बरणी! मेसची भाजी कशीही असो, बरणीत खार आहे तोवर जेवण निभतं. आता गंमत बघा. भाजीच्या फोडणीत आणि लोणच्यात मोहरी एकच. मग लोणच्यातली नाकात झणझणते आणि फोडणीतली का नाही? मेसच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाळा, एक तडतडवायची असते, एक फेसायची." या एका वाक्यात अख्खी केमिस्ट्री आहे.

मोहरीच्या अख्ख्या दाण्याला वास जवळजवळ नसतोच. आत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं आणि मायरोसिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा भरडला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. ते पटकन उडतं, म्हणून थेट नाकात! मोहरीची डाळ थोड्या गार पाण्यात घोटायची, म्हणजेच फेसायची, ती यासाठीच. पाच-दहा मिनिटांत झणका येतो. झाडासाठी हे किड्यांविरुद्धचं हत्यार आहे. बुरशी आणि बॅक्टेरियालाही ते रोखतं. म्हणून मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या जोडीने मोहरीही लोणचं टिकवते.

फोडणीत सगळं उलट. एन्झाइम म्हणजे प्रोटीन. कडकडीत तेलात ते निकामी होतं. झणका तयारच होत नाही. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, साल फुटते आणि उरते खमंग चव. तेल कमी तापलं तर दाणे कच्चट, जास्त तापलं तर जळून कडू. म्हणून आधी एकच दाणा टाकून बघायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी, वर झाकण, मग हिंग-हळद. लोणच्यावर फोडणी गार करून ओततात तेही बरचसं याचसाठी, की गरम तेलाने झणका मरू नये.

मोहरी हे रब्बीचं पीक. देशात सर्वात जास्त राजस्थानात होतं. तिथे भरतपूरला १९९३ पासून मोहरीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत साधारण चार महिने, म्हणजे एक सेमिस्टर! तेवढा धीर नसेल तर पाला घ्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, माती भरा, वाण्याकडची मोहरी पसरा, वर माती भुरभुरवा, पाणी शिंपडा आणि डबा खिडकीत ठेवा. तीन-चार दिवसांत कोंब येतात, दोन आठवड्यांत पाला कात्रीने कापता येतो. शेतीचं औषध लावलेलं बियाणं मात्र अजिबात नको. एक पान चावून बघा, तोच झणका! दात भरडतात, पाणी पानातच असतं.

यंदा सुट्टीत घरी लोणचं घालतील तेव्हा नुसती बरणी उचलून आणू नका. मोहरी फेसायला स्वतः बसा. उद्या नोकरी कुठल्या गावी लागेल सांगता येत नाही, आणि तिथे बरणी पोचेलच असंही नाही.