मोठा मासा सुस्त नसतो

उजनी धरणातला दोन किलोचा रोहू विळीवर चिरला की मांस बहुतेक पांढरेच दिसते. फक्त कुशीच्या मधोमध, कातडीलगत एक तांबूस पट्टी असते. संथ पोहण्याचे काम या पट्टीचे, आणि ते ऑक्सिजनवर चालते. शत्रू दिसताच मारायची झेप मात्र पांढऱ्या स्नायूची. तो ऑक्सिजनची वाट न पाहता साखर फोडतो. आकार वाढला की चयापचय मंदावतो, हा नियम आपण ऐकलेला असतो आणि तो खोटा नाही. एक किलोचा मासा दहा ग्रॅमच्या बोटुकलीच्या शंभरपट जड, पण ऑक्सिजन साधारण चाळीसपटच वापरतो. तरीही त्यावरून मोठा मासा सुस्त ठरवणे चूक आहे.

१९८० मध्ये जॉर्ज सोमेरो आणि जेम्स चिल्ड्रेस यांनी माशांच्या पांढऱ्या स्नायूतली विकरे, म्हणजे एन्झाइम मोजली. आकार वाढत गेला तसे ऑक्सिजनच्या वाटेवरचे सायट्रेट सिंथेज दर ग्रॅममागे घटले, पण झेपेच्या कामाचे लॅक्टेट डीहायड्रोजनेज अनेक जातींत वाढले. याचे कारण पाण्याच्या प्रतिरोधात आहे. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते. पण लांबीच्या हिशेबात तोच वेग राखायचा तर ताकद सुमारे बत्तीसपट लागते, म्हणजे दर ग्रॅमला चौपट. कोणी म्हणेल, मोठे मासे तेवढा वेग राखतच नाहीत. खरे आहे, म्हणूनच विकरांची वाढ या हिशेबाइतकी असायलाच हवी असे नाही. दुसरी शंका अधिक वजनदार: उपाशी माशाच्या स्नायूत लॅक्टेट डीहायड्रोजनेज घटते, मग मोठे मासे नुसते चांगले पोसलेले नसतील कशावरून? पण तसे असते तर सायट्रेट सिंथेजही वाढले असते, कारण उपासमारीत तेही घटते. एकाच स्नायूत एक चढते आणि दुसरे उतरते, हे नुसत्या खाण्याने घडत नाही.

सोलापूरकडच्या शेततळ्यांत रोहू-कटला पाळणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. बोटुकलीला वजनाच्या मानाने जास्त खाद्य लागते, मोठ्याला कमी. बोटुकलीचेच प्रमाण शेवटपर्यंत ठेवले तर उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाते. आणि जाळ्यात झटापट केलेल्या मोठ्या माशाच्या अंगात साखर फोडल्याने साचलेले लॅक्टिक आम्ल निवळायला कित्येक तास लागतात. वजन तपासून सोडलेल्या माशावर त्या दिवशी पुन्हा जाळे टाकू नका.