खिडकीतला ग्रीक कोश (लेखांक ४)

बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या करारातील एखाद्या शब्दावर क्लिक केले की बाजूला छोटी खिडकी उघडते. तिच्यात एक क्रमांक असतो, ग्रीक लिपीतला शब्द असतो, रोमन लिपीत त्याचा उच्चार असतो आणि खाली दोन-चार ओळींचा इंग्रजी मजकूर. पुष्कळ वाचक या ओळींतला आवडलेला शब्द उचलतात आणि ‘मूळ ग्रीकमध्ये याचा अर्थ असा आहे’ असे सांगून मोकळे होतात. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. खिडकीतली कोणती ओळ कोणी आणि कशासाठी लिहिली, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते, एवढेच.

क्रमांकापासून सुरुवात केलेली बरी. हा क्रमांक जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकाचा. १८९० साली त्याची प्रचंड शब्दसूची प्रसिद्ध झाली. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातला प्रत्येक शब्द कोणकोणत्या वचनात येतो ते तिच्यात नोंदले होते, आणि त्या इंग्रजी शब्दामागे कोणता हिब्रू वा ग्रीक शब्द आहे ते क्रमांकाने दाखवले होते. ग्रीक क्रमांक १ ते ५६२४ आहेत. मधला २७१७ आणि पुढे ३२०३ ते ३३०२ हे क्रमांक मात्र रिकामेच राहिले, त्यामुळे प्रत्यक्ष नोंदी ५५२३ भरतात. ग्रीक न शिकलेल्या माणसालाही मूळ शब्दापर्यंत पोहोचता यावे, हा क्रमांकांचा हेतू होता आणि तो उत्तम साधला. आजची बहुतेक सॉफ्टवेअर याच क्रमांकांवर चालतात.

पण सूचीच्या शेवटी स्ट्राँगने जोडलेला छोटा कोश हा पूर्ण कोश नाही. त्यातल्या नोंदीत आधी व्युत्पत्ती, मग थोडक्यात अर्थ, आणि नंतर विसर्गासारखी दोन टिंबे व आडवी रेघ येते. या रेघेपुढे जे शब्द असतात ते अर्थ नव्हेत. किंग जेम्स भाषांतरात तो ग्रीक शब्द कोणकोणत्या इंग्रजी शब्दांनी आला, त्याची ती यादी आहे. यादीत गुणाकाराची फुली दिसली तर ते भाषांतर ग्रीक वाक्प्रचारामुळे तसे झाले आहे, आणि अधिकचे चिन्ह दिसले तर दुसऱ्या एखाद्या ग्रीक शब्दासह मिळून तो अर्थ आला आहे, असे समजायचे. ही एक रेघ ओळखता आली तरी निम्म्या चुका थांबतात.

मराठी वाचकाला ही रेघ जास्त महाग पडते. २६ व्या क्रमांकाचा शब्द अगापे. रेघेपुढे ‘चॅरिटी’ दिसते, कारण १ करिंथ १३ मध्ये किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी तो शब्द वापरला. आजच्या इंग्रजीत चॅरिटी म्हणजे दानधर्म. म्हणून प्रीतीवरच्या अध्यायाचा विषय देणग्या असल्याचे प्रवचन निघू शकते. ३९१ व्या क्रमांकाच्या अनस्त्रोफेपुढे तर एकच शब्द आहे, ‘कॉन्व्हर्सेशन’. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ वागणूक, चालचलन असा होता. १ पेत्र ३ मध्ये बायकांच्या ज्या अनस्त्रोफेमुळे नवरे जिंकले जातात ती त्यांची वागणूक आहे. तेथे ‘संभाषण’ घातले तर ‘एक शब्दही न बोलता’ हे त्याच वाक्यातले म्हणणे उलटेच होऊन बसते. ग्रीकमधून इंग्रजीत, जुन्या इंग्रजीतून नव्या इंग्रजीत आणि तेथून मराठीत अशा तीन गाड्या बदलत अर्थ येतो, आणि सामान बहुधा मधल्याच स्थानकावर राहते.

ई-स्वोर्ड, मायस्वोर्ड आणि केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचे स्टेप बायबल ही सहज मिळणारी विनामूल्य साधने. मराठी मजकुराला स्ट्राँगचे क्रमांक सहसा जोडलेले नसतात. म्हणून पडद्याचे दोन भाग करावेत: एकात मराठी बायबल, दुसऱ्यात क्रमांक असलेला ग्रीक मजकूर. ग्रीक अक्षरे अजून जड जात असतील तर क्रमांक असलेले इंग्रजी भाषांतर चालेल. पण शब्दांचा क्रम तिन्ही भाषांत वेगळा असल्याने मराठीतल्या तिसऱ्या शब्दासाठी इंग्रजीतल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवू नये.

ग्रीक शब्दावर क्लिक केल्यावर दोन रूपे दिसतात, एक वाक्यातले आणि एक कोशातले. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ‘गेला’ शोधणाऱ्याला ‘जाणे’कडे वळावे लागते, तसेच हे. योहान ३:१६ मध्ये एगापेसेन आहे, कोशात अगपाओ. ग्रीक कोशात क्रियापद ‘मी प्रीती करतो’ अशा प्रथमपुरुषी वर्तमान रूपात दिलेले असते, मराठीसारखे ‘-णे’ लावून नव्हे. काही रूपे ‘गेला–जाणे’सारखीच नाते न दाखवणारी: एल्थेन म्हणजे ‘आला’, त्याचे कोशरूप एर्खोमाय. हा शोध पूर्वी विद्यार्थ्याचा जीव घेई. सॉफ्टवेअर तो क्षणात लावते. शेजारी ‘व्ही-एएआय-३एस’ यासारखा संकेत असतो. पहिले अक्षर क्रियापदाचे. मग ॲओरिस्ट हा काळ, कर्तरी प्रयोग आणि स्वार्थ. शेवटी तृतीय पुरुष एकवचन. संस्कृत शिकलेल्यांना ग्रीकमधला मध्यम प्रयोग आत्मनेपदामुळे लवकर उमगतो. संकेत पाठ करण्याची गरज नाही, मात्र तो वाचल्याशिवाय अर्थाकडे जाऊ नये.

आता कोणता कोश उघडायचा हा प्रश्न. विनामूल्य साधनांत स्ट्राँगखालोखाल थेयरचा कोश सर्वत्र दिसतो. तो १८८६ चा, मोठा आणि काळजीपूर्वक केलेला. पण त्याचे दुर्दैव असे की तो थोडा लवकर निघाला. पुढच्या काही दशकांत इजिप्तच्या वाळूतून पपायरसवरची हजारो ग्रीक कागदपत्रे बाहेर आली: पत्रे, करार, तक्रारअर्ज, पावत्या. नव्या कराराची ग्रीक ही वेगळी पवित्र भाषा नसून त्या काळच्या बाजारातली, घरातली बोली आहे, हे आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने या कागदांच्या आधारे दाखवले. अपेखो हा ५६८ वा शब्द त्याचे नामी उदाहरण. मत्तय ६ मध्ये लोकांना दिसावे म्हणून दानधर्म, प्रार्थना व उपवास करणाऱ्यांविषयी तीनदा हाच शब्द येतो. त्यांना प्रतिफळ ‘मिळाले आहे’ एवढेच जुन्या वाचकाला कळत होते. पावत्यांमध्ये हाच शब्द ‘पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही’ अशा अर्थी लिहिलेला सापडला. मराठीत त्याला तयार शब्द आहे: भरून पावलो. व्यापाऱ्याच्या पावतीवरही तो होता आणि कृतार्थ माणसाच्या तोंडीही आहे. इंग्रजीला जे समजावून सांगावे लागते ते येथे दोन शब्दांत येते.

म्हणून थेयर वाचावा, पण शेवटचा शब्द त्याचा मानू नये. १९२२ चा ॲबट-स्मिथचा आटोपशीर कोश विनामूल्य मिळतो आणि पहिल्या वर्षाला पुरतो. अभ्यासकांत आज प्रमाण मानला जातो तो बाउअरचा, डँकरने सुधारलेला कोश. त्याची तिसरी इंग्रजी आवृत्ती २००० सालची असून ती विकत घ्यावी लागते. लिडेल आणि स्कॉटचा महाकोश होमरपासूनची सगळी ग्रीक व्यापतो, आणि नवशिक्याला तोच धोका असतो. संस्कृत धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा गुन्हा. तो अर्थ घेऊन आजच्या वर्तमानपत्रातले ‘गिर्यारोहकांचे साहस’ वाचले तर काय होईल? होमरचा अर्थ पौलाच्या पत्रात घालणे याच जातीचे. लोव आणि नायडा यांचा १९८८ चा कोश वेगळ्या घडणीचा आहे. तो वर्णानुक्रमे नाही; अर्थाची ९३ क्षेत्रे करून त्या त्या क्षेत्रातले शब्द शेजारी मांडले आहेत. अमरकोशातले वर्ग आठवले की ही मांडणी परकी वाटत नाही.

कोश प्रत्यक्ष कसा वाचायचा, हे अनोथेन या एका शब्दावर सावकाश पाहण्यासारखे आहे. क्रमांक ५०९. योहान ३:३ मध्ये येशू निकदेमाला सांगतो की अनोथेन जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसणार नाही. मराठी बायबलांत तेथे ‘नव्याने’ असे वाचायला मिळते. कोशात मात्र वरून, सुरुवातीपासून, पुन्हा नव्याने, असे अर्थ ओळीने दिसतात. यांतला कोणता?

मराठीतल्याच ‘वरून’ या शब्दाकडे पाहिले तर प्रश्न सोपा होतो. पुलावरून गाडी गेली. नागपूरची गाडी भुसावळवरून जाते. वरून ऑर्डर आली. त्याच्या बोलण्यावरून कळले. चूक करून वरून शिरजोरी. भुसावळच्या फलाटावर उभा असलेला माणूस ही पाचही वाक्ये न अडखळता समजतो, आणि ‘वरून’चा खरा अर्थ कोणता असे विचारले तर गोंधळतो. त्याचे गोंधळणे बरोबर आहे, कारण वाक्याबाहेर तो प्रश्नच खोटा आहे. कोशातली यादी म्हणजे शब्द कुठे कुठे जाऊ शकतो याची नोंद. या वाक्यात तो कुठे गेला ते वाक्य सांगते. यादीतले सगळे अर्थ एकाच वचनात ओतणे तर ‘वरून ऑर्डर आली’ म्हणजे पुलावरून, भुसावळमार्गे, शिरजोरीने आली असे म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा पुढची पायरी कोशात नसून शोधपेटीत आहे. क्रमांकाने शोधावे, इंग्रजी शब्दाने नव्हे. ५०९ टाकला की नव्या करारातली तेरा ठिकाणे समोर येतात. मत्तय आणि मार्क यांच्यात मंदिराचा पडदा अनोथेन, म्हणजे वरपासून, फाटतो. लूक १:३ मध्ये तो ‘मुळापासून’ आहे. याकोबाच्या पत्रात देणगी आणि ज्ञान वरून येते. गलती ४:९ मध्ये शेजारी ‘पुन्हा’ या अर्थाचा दुसरा शब्द आहे, त्यामुळे तेथे ‘नव्याने’ ठीक बसते. सगळ्यांत जास्त वजन त्याच लेखकाच्या इतर वापराला द्यायचे. योहानात शब्द पाचदा येतो. दोन वापर निकदेमाच्या संवादातले. उरलेल्या तिन्हींत अर्थ ‘वरून’: ३:३१ मध्ये वरून येणारा, १९:२३ मध्ये वरपासून विणलेला झगा, आणि १९:११ मध्ये पिलाताला ‘वरून’ दिलेला अधिकार. हा शेवटचा वापर मराठी कचेरीतल्या ‘वरून ऑर्डर आली’च्या किती जवळ आहे! एवढे पाहिल्यावर ३:३ मध्येही ‘वरून’कडे पारडे झुकते. मग ‘नव्याने’ कुठून आले? निकदेमाकडून. तो लगेच आईच्या पोटात दुसऱ्यांदा जाण्याची गोष्ट काढतो. बोलणारा वरून म्हणतो, ऐकणारा पुन्हा समजतो, आणि संवाद या गैरसमजावरच पुढे सरकतो. ग्रीकमध्ये एकाच शब्दाने दोन्ही साधते. भाषांतरकाराला एक निवडावे लागते.

व्युत्पत्तीचा मोह याहून चिवट. एक्क्लेसिया, क्रमांक १५७७, ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ यांपासून बनला, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, असे हमखास ऐकू येते. पण प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणारा जमावही एक्क्लेसियाच आहे, आणि बहुतेकांना आपण का जमलो हेही ठाऊक नाही. व्युत्पत्तीने अर्थ ठरत असता तर मराठीतली मंडळी गोल बसलेलीच असायला हवी होती. खानदेशाला व्युत्पत्तीचे वेड नवे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्दांच्या मुळांचा जो ध्यास घेतला त्याचे कागद धुळ्याच्या संशोधन मंडळाने जपले. शब्दाचा इतिहास म्हणून ते काम मोलाचे आहे. पण ‘कुशल’ म्हणजे कुश गवत कापणारा आणि ‘प्रवीण’ म्हणजे वीणेत तरबेज, ही उदाहरणे देऊन आपल्या जुन्या शास्त्रकारांनीच व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान ठरवली होती. बायबल-अभ्यासात हाच मुद्दा जेम्स बार याने १९६१ मध्ये इतक्या जोरात मांडला, की त्यानंतर निघालेल्या कोशांना तो टाळता आला नाही.

अगपाओ (२५) आणि फिलेओ (५३६८) यांचे प्रकरण थोडक्यात आटोपते. पहिला दैवी प्रेमाचा, दुसरा मानवी स्नेहाचा, ही वाटणी क्रमांकाने शोधताच कोलमडते. पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान ३:३५ मध्ये पहिला शब्द आहे, ५:२० मध्ये दुसरा. आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाला सोडून गेलेला देमास या जगावर जी प्रीती करतो ती अगपाओच आहे.

ग्रीक अर्थ पक्का झाल्यावर मराठी शब्द निवडायचा उरतो, आणि तेथे कोणतेही सॉफ्टवेअर कामाला येत नाही. भुसावळहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. आधीच्या भाषांतरांतले संस्कृत वळणाचे शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती, आणि ती संस्कृतच्या पंडितेची होती हे विसरता येत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. हे सारे छापील कोशांची पाने उलटत झाले.

पुढील लेखांकापर्यंत वाचकांनी लोगोस, क्रमांक ३०५६, हा शब्द चार ठिकाणी पाहावा: योहान १:१, मत्तय २५:१९, प्रेषितांची कृत्ये १:१ आणि इब्री ४:१३. प्रत्येक ठिकाणी आधी वाक्य वाचून मराठी शब्द वहीत लिहावा आणि मगच कोशाची खिडकी उघडावी. चारही ठिकाणी ‘शब्द’ हाच शब्द लिहिला गेला असेल, तर मत्तयातला धनी चाकरांकडून काय घ्यायला परत आला ते पुन्हा वाचावे.