न वाचता सही करणारा सज्जन

देवस्थानाच्या, शिक्षणसंस्थेच्या किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर निवड झाली की शाल-श्रीफळ मिळतं, जत्रेच्या पत्रिकेत नाव छापून येतं. कायद्याच्या लेखी मात्र हा मान नाही, जोखीम आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या पैशाअडक्याची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यायची, असं त्याचं कलम ३६-अ सांगतं. या कसोटीला नुसती नियत पुरत नाही. पैसे खाणारा विश्वस्त कधी ना कधी उघडा पडतो. पण अध्यक्षांनी पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या सज्जनावर कुणी बोट ठेवत नाही, आणि घोटाळ्याला हवी असते ती नेमकी त्याचीच सही. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देतानाही ती लागते, कर्ज काढतानाही. घोर हलगर्जीपणामुळे न्यासाचं नुकसान झाल्याचं चौकशीत ठरलं, तर ते विश्वस्ताच्या खिशातून वसूल करता येतं. ‘मला यातलं काही ठाऊक नव्हतं’ हा बचाव तिथे फार काळ टिकत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बिनपगारी काम करणाऱ्यांना एवढं धारेवर धरलं तर उद्या कोण पुढे येईल? आक्षेप खोटा नाही, पण कायद्याची मागणी तो फुगवून सांगतो. विश्वस्ताने वकील किंवा हिशेबनीस असावं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. सभेला यावं, हिशेब तपासून घ्यावेत, न पटलेल्या ठरावाला विरोध करून तो इतिवृत्तात नोंदवावा, एवढं घरचा व्यवहार पाहणाऱ्या कुणालाही जमतं. तेवढीही सवड नसेल, तर पद न स्वीकारण्याची मुभा आहेच.

दुसरी बाजू लाभार्थींची. देवळात नेमाने दर्शनाला जाणारा भाविकसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असतो, हे किती भाविकांना माहीत असेल? अशा दोन व्यक्ती धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन न्यासाच्या गैरकारभाराविरुद्ध दावा लावू शकतात. हाताशी हत्यार आलं की गावकीतली भांडणं कोर्टात जातील, ही भीती रास्त आहे. संमतीची अट त्यासाठीच ठेवलेली आहे. रुग्णालयांच्या बाबतीत हक्क आणखी ठोस आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेपैकी दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात, आणि अशा रुग्णाला दाखल करून घेताना अनामत मागता येत नाही. ही दया नव्हे. धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या सवलतींची ती परतफेड आहे. म्हणून आपल्या माणसाला अशा रुग्णालयात नेण्याची वेळ आली आणि परिस्थिती बेताची असेल, तर उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि निर्धन रुग्णांसाठीची खाट स्पष्ट शब्दांत मागा.